आखाजीची सवाष्ण

नाशिकरोड
२४ फेब्रुवारी १९९९

चि. नवसास अनेक आशीर्वाद.

काल सकाळी तुझ्या दादांनी मला घराबाहेर ठेवून आतून कडी लावली, म्हणून हे पत्र लिहिते आहे. एरवी लिहिलं नसतं. मी दूध घ्यायला फाटकापर्यंत गेले होते. परत आले तर दार बंद. खिडकीतून मला म्हणाले, "बाई, माझी बायको वारून महिना झाला नाही अजून. तुम्ही अशा या घरात राहता, लोक काय म्हणतील? तुम्ही आपल्या घरी जा." आवाज चढवला नाही. हात जोडून सांगितलं. शेजारची प्रतिभा मागच्या दाराने आत गेली आणि तिने कडी काढली. तोवर मी पायरीवर पातेलं मांडीवर घेऊन बसून होते.

तुला अर्धंच माहीत आहे, म्हणून नीट सांगते. त्यांना विसरण्याचा आजार आहे, दोन वर्षं झाली. आधी चाव्या, मग वार, मग रस्ते. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात इतकी वर्षं नोकरी केली, त्या फाट्यावर उभं राहून मला विचारलं, हा रस्ता कुठे जातो. जानेवारीत माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. मी दवाखान्यात आणि ते प्रतिभाकडे जेवायला. तेवढ्यात त्यांनी मनाशी धरलं की मी गेले. परत आले तेव्हा मला नर्स समजले, मग स्वयंपाकाची बाई, आणि आता कोणीतरी परकी. डॉक्टर म्हणाले, हा आजार बरा होत नाही, सांभाळायचा असतो. शेखर भोपाळहून फोनवर म्हणतो, बाबांना एखाद्या संस्थेत ठेवू. तो विषय मी बंद केला आहे.

माझे टाके भरून येईपर्यंत त्यांना तुझ्याकडे ठेवून घे. रविवारी दिंडोरीच्या गाडीने घेऊन येते. सकाळी पांढरी गोळी, रात्री पिवळी अर्धी. विहिरीकडे एकटं सोडायचं नाही. भगत, अंगारा, उतारा यातलं काही करायचं नाही. तुला लिहायवाचायला मी शिकवलं ते निदान या सूचनांसाठी तरी उपयोगी पडू दे.

भिमाजींना नमस्कार.

तुझी वहिनी
यशोदा

———

मळ्यावरून
१६ मार्च १९९९

ती. सौ. वहिनींना नवसाचा शिरसाष्टांग नमस्कार.

दादा बरा हाय. तुमी सोडून गेल्या त्या दिवशी लय हिंडला, मंग शांत झाला. आता दोन्ही टायमाला जेवतो. पाठीला तेल लावून देते.

वहिनी, एक गोष्ट सांगते, तुमाला बरं वाटंल. आमच्या बांधावर कोशिंबाचं झाड हाय ना, ते. होळीला त्याच्या नुसत्या काड्या होत्या. आता सगळं लालभडक झालंय. फुलं नाय, पानंच. सूर्य मागून आला का वाटतं कोणी दिवे लावले. दादानं पयल्यांदा बघितलं तं उभाच राहिला. मंग चपला काढल्या, बाजूला ठेवल्या आन हात जोडले. आता रोज सकाळी तिथं जातो. आमी सगळे त्र्यंबकला गेलो का हा जलमभर भाईर चपला राखत बसायचा आन म्हनायचा, तुमी या जाऊन, माझा नमस्कार सांगा. त्यानं चपला काढल्या. मला रडू आलं.

आमचे हे म्हनले, दादा, कोणाच्या पाया पडता? तं म्हनतो, वळखलं नाय का? आन हसतो.

मला तं वाटतं दादाला झाडात देव दिसला. वस्तीवरच्या झुंबरबाईनं बुंध्याला हळदीकुंकू लावलं. अजून दोघी तिघी येऊन गेल्या. दादा कोणाला काय म्हनत नाय, जागा करून देतो बसाया. मोगऱ्याच्या तोडणीला मानसं मिळंना, नाय तं मी पण त्याच्याजवळ बसले असते.

गोळ्या देते. तुमच्या टाक्याला जपा.

नवसा

———

नाशिकरोड
२१ मार्च १९९९

चि. नवसास आशीर्वाद.

पत्र पोचलं. जेवतात हे वाचून बरं वाटलं. बाकीचं वाचून वाटलं नाही.

कोशिंबाची पालवी लाल असते कारण कोवळ्या पानात हिरवा रंग तयार व्हायला वेळ लागतो. उन्हाने ते पान जळू नये म्हणून आधी तांबडा रंग येतो. बी.एस्सी.ला मी वनस्पतिशास्त्र घेतलं होतं, हे तुला ऐकून माहीत आहे. यात देव कुठे आला? दरवर्षी येते, दरवर्षी जाते. तुझे दादा त्याच मळ्यात वाढले, साठ वर्षं ते झाड बघत आले आणि कधी मान वर केली नाही. आज करतात, कारण डोक्यातलं काही सुटलं आहे. आजाराला भक्ती म्हणू नकोस. झुंबरबाईला सांग, कुंकू आपल्या घरी लावावं. आज झाडाला हात जोडतात, उद्या तुझ्या दादांना जोडतील. मग नारळ येतील आणि दक्षिणा येईल. मला माझा नवरा परत हवा आहे, महाराज नको.

आणि तू काहीतरी गाळलं आहेस. "वळखलं नाय का" याच्या पुढे ते काय म्हणाले? तिथे तुझं अक्षर पसरट झालं आहे. मी शिकवत होते तेव्हाही खोटं लिहिताना तुझं असंच व्हायचं. काय म्हणाले ते लिही.

पाडव्याला प्रतिभाच्या नवऱ्याने गुढी उभारून दिली. कडुनिंबाचा पाला मी सवयीने दोघांचा वाटला. मग दोन्ही वाटे मीच खाल्ले.

यशोदा

———

मळ्यावरून
२ एप्रिल १९९९

ती. सौ. वहिनींना नमस्कार.

तुमी विचारलं म्हनून लिहिते. रागावू नका. दादा झाडाला यशोदा म्हनतो.

पयल्या दिवसापासून म्हनतो. मी लपवलं. रोज सकाळी जातो आन म्हनतो, "आलीस का? मला वाटलं या सालाला यायची नाय. थंडी लय होती." मंग बसतो आन बोलतो. काय बी बोलतो. परवा म्हनला, "यशोदा, नवसानं आज भाकर जाळली, तू तिला बोलू नको, पोर दमती." मी साठीला आले तरी पोर. त्याच्या हातात भाकर द्यायाला गेले तं माझ्याकडं बघून डोळा मिचकावला, जसं काय तुमी बसेल हाय तिथं.

मी म्हनले, "दादा, वहिनी नाशिकला हाय, चांगली हाय, तिचं पत्र येतं मला."

तं म्हनतो, "नवसे, तुला समजत नाय. माघात सगळं झडलं, मी बघितलं. नुसत्या काड्या राहिल्या. आन आता बघ. हे मानसाच्या हातचं काम हाय का? मी मशिनी चालवल्या, मला इचार. आतून येतं हे."

मी टोपली घेऊन मोगऱ्यात गेले.

अजून एक. पिवळी गोळी मी देत नाय. ती दिली का तो सकाळी उठत नाय, आन ऊन वर आलं का पानं तशी दिसत नाय. मंग दिवसभर माझ्या मागं मागं फिरतो आन विचारतो ती कुठं गेली. माझं चुकलं असंल तं सांगा.

आता खरं संकट. आखाजी आली. तुमाला ठाव हाय, ज्याच्या घरचं मानूस गेलं त्यानं पयल्या आखाजीला त्याच्या नावानं घागर भरायची. दादा म्हनतो, तुमची घागर भरायची. सवाष्ण सांगायची जेवाया, तुमच्या नावानं. कुंभाराकडून घागर बी आणून ठेवली त्यानं, आमच्या ह्यांना संगं नेऊन. मी म्हनले, दादा, जित्या मानसाची घागर भरली तं मला पाप लागंल. त्याच्या डोळ्याला पाणी आलं. म्हनतो, "माझ्या यशोदेला पाणी नाय द्यायचं का तुला?"

भरली तं तुमाला काय व्हईल याचं भ्या वाटतं. नाय भरली तं तो जेवनार नाय. तुमी सांगताल तसं करते.

नवसा

———

नाशिकरोड
७ एप्रिल १९९९

नवसास आशीर्वाद.

घागर भरू नकोस. भरल्याने मी मरणार नाही, ती भीती काढून टाक. पण त्यांच्या मनात जे आहे ते कायमचं पक्कं होईल.

अक्षय्य तृतीयेला, तुमच्या आखाजीला, सकाळच्या गाडीने मी येते. त्याच झाडाखाली मला समोर उभी पाहिली की आठवेल. डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, करून बघा. शेखरच्या लग्नात घेतलेलं तांबडं लुगडं आहे, ते नेसून येते. त्यांना तांबडं दिसतं आहे ना, मग तेच. हसू नकोस. दुसरं काही सुचत नाही.

ओळखलं तर ठीक. नाही ओळखलं तरी त्या दिवशी त्यांना घरी घेऊन येणार. तुझ्यावर किती दिवस टाकू? पिवळी गोळी आजपासून सुरू कर.

यशोदा

———

मळ्यावरून
२४ एप्रिल १९९९

ती. सौ. वहिनींना नमस्कार.

तुमी दादाला नेलं, काय कळवलं नाय. दादा जेवतो का?

मला झोप नाय. तुमी मला आखाजीच्या दिवशी काय बोलल्या नाय आन मी पण विचारलं नाय. तुमी बांधावरून येत होत्या, तांबडं लुगडं नेसेल. मला वाटलं आता वळखंल. तं दादा उठून उभा राहिला आन म्हनला, "नवसे, बघ, सवाष्ण आपल्या पायानं चालत आली. सांगाया पण जावं लागलं नाय." माझ्या हातातली परात खाली पडली. घागर मी भरली नव्हती, तुमच्या शपथेवर सांगते. त्यानंच पहाटे विहिरीवरून भरून आणली, वर खरबूज आन दोन आंबे ठेवले. गेल्या मानसाच्या नावानं ओढतात तसं उंबऱ्यावर कुंकवाचं बोट ओढलं आन तुमचं नाव घेतलं. मी दाराशी उभी राहून बघत होते, हात नाय धरता आला.

मला वाटलं तुमी रागावताल. तुमी झाडाखाली पाटावर बसल्या. मंग मी पुरण उतरवाया आत गेले. भाईर आले तं दोघं बी गप. मधी काय झालं?

गाडीत बसवताना तो माझ्या कानात म्हनला, "ही बाई भली हाय, पण मला कुठं नेती?"

नवसा

———

नाशिकरोड
२९ एप्रिल १९९९

चि. नवसास आशीर्वाद.

विचारलंस म्हणून एकदा लिहिते. परत विचारू नकोस.

मी पाटावर बसले कारण त्यांनी माझे पाय धुतले. मी काही बोलायच्या आत तांब्या घेऊन खाली वाकले. चाळीस वर्षांत त्यांनी माझ्या हातातली बादलीसुद्धा घेतली नव्हती. पाय पंच्याने पुसले, कुंकू लावलं, मोगऱ्याचा गजरा पुढे ठेवला. म्हणाले, "पोटभर जेवा, बाई. तुम्ही जेवाल ते तिला पोचेल."

तू आत गेलीस तेव्हा मी म्हणाले, "अहो, मी यशोदा." नीट, हळू, त्यांच्या डोळ्यात बघून म्हणाले. त्यांचा वाढता हात थांबला. त्यांनी आधी झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हात जोडून म्हणाले, "बाई, असं बोलू नका. ती ऐकते." घाबरले होते गं. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. तिला वाईट वाटेल म्हणून. 

मग मी विचारलं, तुमची यशोदा कशी होती. जरा विचार केला. म्हणाले, "कडक होती. शिकलेली होती. माझं घड्याळ चुकायचं, तिचं नाही. पण आंब्याची कोय चोखायला तिला फार आवडायची. लोकांसमोर कधी घ्यायची नाही. मोरीत जाऊन चोखायची, आणि मला कळत नाही असं तिला वाटायचं." एवढं बोलून हसले. मग माझ्या ताटात त्यांनी कोय ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही लाजू नका."

मी चोखली. तू पुरण घेऊन बाहेर आलीस तेव्हा म्हणून आम्ही गप्प होतो.

जेवून झाल्यावर मी तिथेच बसून राहिले. तोवर ऊन वर आलं होतं. वरची पानं तांबूस हिरवी व्हायला लागली होती, खालच्या फांद्यांवर अजून लाल होती. ते माझ्या शेजारी बसले. इतकं समाधानी मी त्यांना पाहिलं नव्हतं, शेखर झाला तेव्हासुद्धा नाही. मी पानात बघत होते. मला पान दिसत होतं. त्याच्या शिरा दिसत होत्या. मी मनापासून प्रयत्न केला, नवसा. आणखी काही दिसलं नाही. त्यांना जे दिसतं ते मीच आहे, आणि मलाच ते दिसत नाही. याचं काय करायचं ते कोणत्या डॉक्टरला विचारू?

तरी घेऊन आले. म्हटलं होतं तसं केलं. इथे काय झालं ते आता सांगते. पहिल्या दिवशी घरभर फिरले, प्रत्येक खिडकीतून बाहेर पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी नर्सरीतून लाल पानांचं क्रोटन आणून अंगणात ठेवलं. त्यांनी कुंडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ही ती नाही." फसवलं म्हणून माझ्यावर रागावले नाहीत. कुंडीला पाणी घातलं आणि आत गेले. तेव्हापासून जेवण अर्ध्यावर आलं आहे. रात्री मी ज्या खोलीत झोपते तिच्या बाहेर ओटीवर झोपतात. परक्या बाईबरोबर एका छपराखाली आत झोपायचं नाही, म्हणून. अंथरूण ओढून आत आणलं तर उठून पुन्हा बाहेर. माझ्याशी एकनिष्ठ राहण्यासाठी ते माझ्यापासून लांब राहतात. यात त्यांची चूक कुठे काढू?

सोमवारी घरातून निघून गेले. नाशिकरोडच्या बस स्टँडवर सापडले. अनवाणी होते आणि दिंडोरीची गाडी कधी लागते हे प्रत्येकाला विचारत होते. एका कंडक्टरने बसवून ठेवलं होतं. मला म्हणाला, "मावशी, तुम्ही यांच्या कोण?" मी म्हणाले, ओळखीची आहे.

घरात ठेवलं तर एक दिवस गाडीखाली येतील, नाही तर उपाशी जातील. संस्थेत ठेवलं तर तिथेही परक्या बायका. तुझ्याकडे मळ्याचं काम आहे, भिमाजींचा दमा आहे, हे मला कळतं. मला दुसरं दार नाही. स्पष्ट नाही म्हणालीस तरी चालेल, पण लवकर कळव.

यशोदा

———

मळ्यावरून
५ मे १९९९

ती. सौ. वहिनींना नमस्कार.

पत्र आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. ते उठून भाईर गेले. आले तेव्हा म्हनले, आणा म्हनाव दादाला, विहिरीला तारेचं कुंपण घालतो. दुसऱ्या दिशी घातलं बी.

पण वहिनी, एक भ्या हाय. झाड आता हिरवं झालं. एक पान लाल नाय. बाजूच्या झाडासारखंच दिसतं, वळखू येत नाय. झुंबरबाई पण यायची थांबली. दादा आला आन त्यानं विचारलं, ती कुठं गेली, तं मी काय सांगू? दोनदा मेली असं त्याला वाटलं तं?

मी लय दिवस तुमाला देव देव करत बसले. तुमी म्हनत होत्या ते खरं होतं. आजारच हाय. पण तो हात जोडायचा तेव्हा मला बी आत काहीतरी व्हायचं, ते खोटं नव्हतं. हे कसं सांगावं ते मला येत नाय.

तुमी दादाला सोडून जाऊ नका, येत राहा. माझी मैत्रीण म्हनून या. आखाजीची सवाष्ण म्हनून तो वळखतो तुमाला, भली बाई म्हनतो. तेवढं तं हाय.

नवसा

———

मळ्यावर, समक्ष
१२ मे १९९९

नवसा,

तोंडाने सांगणं जमणार नाही म्हणून घरूनच लिहून आणलं आहे. मी गेल्यावर वाच.

ती कुठे गेली असं त्यांनी विचारलं, तर सांग, फाल्गुनात येते. मी तुला कधी खोटं बोलायला शिकवलं नाही. झाडापुरतं तरी हे खरं आहे. पुढच्या फाल्गुनापर्यंत त्यांना किती आठवेल ते मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. पिवळी गोळी तुझं बघून दे. सकाळी उठता आलं पाहिजे.

महिन्यातून एकदा मी येईन. तुझी ओळखीची बाई म्हणून. मला वहिनी म्हणू नकोस त्यांच्यासमोर, गोंधळतात. येईन तेव्हा मोगरा तोडायला लाव, नुसती बसवू नकोस.

तुझ्या ताब्यात दिलं ते असं: चार सदरे, तीन पायजमे, एक स्वेटर, धुतलेले. चष्मे दोन, त्यातल्या जुन्याची काच तडकली आहे, तरी तोच खिशात लागतो. कवळी, डबीसह. सहा आठवड्यांच्या गोळ्या, पुढच्या मी आणीन. पाठीला लावायचं तेल. एक मच्छरदाणी. दाढीचं सामान, ब्लेड मात्र तुझ्याकडे ठेव. शेखरचा आणि प्रतिभाचा फोन नंबर कागदावर, कागद गोळ्यांच्या डब्यात.

आणि गोटीराम सखाराम गायखे, वय सहासष्ट. चालतात. आपल्या हाताने जेवतात. नाव विचारलं तर सांगतात. बायकोचं नाव विचारलं तर तेही बरोबर सांगतात.

यशोदा